मधला बिंदू, मुक्काम बिरसी

अख्खा हिवाळा राबल्यावर आमच्या हाती काय लागायचं, तर आलेखावर एक ठिपका! तो ठिपका छापून येतो, त्याखाली चार नावं येतात आणि प्रकरण मिटतं. किस्से मात्र कोणी छापत नाही, कोणी मागतही नाही. मग ते साठत जातात. माझा तर अनुभव असा की, ज्या कामात यश कमी त्या कामात किस्से जास्त. आमच्या बिरसीच्या मुक्कामात यशाचा पत्ताच नव्हता, म्हणजे किश्शांचं काय विचारता!

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. शहराबाहेर बिरसीला लढाईच्या काळात इंग्रजांनी बांधलेली एक धावपट्टी ओस पडली होती. कडेला धानाच्या बांध्या, पट्टीवर चरणाऱ्या गाई आणि आमचे तीन तंबू. आम्ही चौघे. मुख्य म्हणजे आमच्या बाई. मुंबईच्या एका संस्थेत पदार्थविज्ञानाच्या संशोधक, वय पस्तिशीच्या आत, लग्न केलेलं नाही, आवाज खणखणीत. दुसरा कृष्णन, मद्रासकडचा रेडिओवाला. तिसरा दौलत रहांगडाले, तिथलाच, जीप चालवायचा आणि आम्हालाही चालवायचा. चौथा मी, अमरावतीकडचा, नुकताच बी. एस्सी. झालेला. फुगे भरणं हे माझं खातं.

काम असं. अंतराळातून पृथ्वीवर सतत सूक्ष्म कण येत असतात. फोटोच्या काचांसारख्या खास काचा डब्यात बंद करून फुग्यांनी उंच पाठवल्या की कणांच्या रेघा त्यांवर उमटतात. रेघा मोजायच्या. दक्षिणेतलं मोजमाप झालं होतं, उत्तरेतलंही झालं होतं. बाईंना मधलं हवं होतं. त्यांच्या साहेबांचं म्हणणं होतं, दोन टोकं मिळाली, आता मधून सरळ रेघ ओढा! बाई म्हणायच्या, ती रेघ सरळच आहे हे कुणी पाहिलंय? एवढ्यासाठी त्यांनी पदरी होतं नव्हतं ते वजन खर्चून एका हिवाळ्याची परवानगी मिळवली होती. बिंदू मिळाला नाही, तर पुन्हा कोणी त्यांना अशा कामावर पाठवणार नव्हतं.

* * *

पहिल्याच आठवड्यात बाईंनी बिरसीच्या पाटलांना सगळं समजावून सांगितलं. लोहचुंबक आणि टाचण्या घेऊन! पृथ्वी म्हणजे एक मोठा चुंबक. येणाऱ्या कणांना तो वळवून लावतो. दक्षिणेकडे दुबळ्या कणांना आत शिरताच येत नाही, दांडगे तेवढे घुसतात. उत्तरेकडे सरकावं तशी दुबळ्यांनाही वाट मिळते, म्हणून तिकडे कण जास्त.

पाटलांनी मान डोलवत सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे वरून येते सारखाच, पर एका गावाले जास्त भेटते, एका गावाले कमी."

"अगदी बरोबर!" बाई खूश.

"मंग हे त आमाले ठाऊकच आहे. पानी बी असाच पडते. त्याच्यासाठी मुंबईहून कायले आले?"

बाई म्हणाल्या, "पाटील, कुठं किती पाऊस पडला ते सरकार मोजतंच ना?"

"मोजते ना. पर मोजल्यानं पानी वाढला नाही कधी!"

एवढं बोलून पाटील उठले आणि आपल्या बैलांचा कोठा रिकामा करून आम्हाला दिला. काचा गारव्यात ठेवाव्या लागतात आणि गावात तीच जागा सगळ्यात थंड होती. बैल हिवाळाभर बाहेर, मांडवाखाली! शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानायची पद्धत असते. त्यात बैलांचं नाव कधी आलं नाही, म्हणून इथे मानून घेतो.

* * *

फुग्यांत हायड्रोजन भरायचा. ठिणगी पडली की संपलंच. आणि मुलूख कुठला, तर गोंदिया! सगळा गाव विडीवर. विड्या वळणारे इथलेच, ओढणारेही इथलेच. फुगे सोडायच्या सकाळी निम्मी बिरसी बघायला यायची आणि प्रत्येकाच्या तोंडात धूर.

कृष्णनने लाल फडकं लावलं. कोणी बघेना. बाईंनी भाषण केलं. लोकांनी विडी ओढत ओढत ऐकलं! मी तर घामाघूम.

तेव्हा दौलत पुढे झाला. भरलेल्या फुग्यांची दोरी त्याने लांब सोडली आणि ओरडला, "ज्याले पाहाचा आहे, त्यानं दोरी धराची. दोन्ही हातानं! सुटली त फुगा गेला आणि नाव तुमचा!"

सगळे धावले. म्हातारे, बाया, पोलीसपाटील, झाडून सगळे दोरीला. पलीकडे माझं काम शांतपणे चाललं. रांगेच्या शेवटी एक आजोबा होते, कानावर न पेटवलेली विडी. तिरप्या नजरेने तिच्याकडे बघत म्हणाले, "लय हुशार आहे बा हा पोट्टा. दोन्ही हात दोरीत अडकवून ठेवले. आता हे विडी काय दोरीनं ओढू?"

पुढे प्रत्येक उड्डाणाला हीच पद्धत राहिली. एवढ्या माणसांनी मिळून धरलेली दोरी मी नंतर कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिली नाही, आणि एवढ्या आनंदाने धरलेली तर नाहीच.

* * *

पहिलं उड्डाण फसलं. एक फुगा गळका निघाला, डबा वर न जाता आडवाच सरकत नैर्ऋत्येला गेला आणि थेट चोरखमाऱ्याच्या तलावात पडला. मासे धरणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यात तो अडकला. आम्ही पोचलो तर एक ढिवरदादा डब्याशेजारी बसून होता.

"सकाळपासून जाळं टाकून राहिलो," तो म्हणाला, "एक मासा भेटला नाही. हाच भेटला. याले शिजवाचा कसा, ते सांगा!"

काचा गेल्या. पण कृष्णनच्या रेडिओ यंत्राचे भाग वाचले, फक्त ओलेचिंब झाले होते. कृष्णन हुशार. गोंदियातल्या एका राइस मिलच्या अंगणात उकडलेलं धान वाळत घातलं होतं. तिथेच त्याने चादर अंथरली, तारा, व्हॉल्व्ह, गुंडाळ्या सगळं मांडलं आणि जेवायला गेला.

परत येऊन बघतो तो प्रत्येक वस्तू उलटी! ज्या क्रमाने त्याने मांडली होती त्या क्रमाचा मागमूस नाही. तो ओरडला, "ये किसने किया?"

धान पलटणाऱ्या बायांपैकी एक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी पलटवलं. एकाच बाजूनं वाळवते का कोणी? तुमच्या गावात धान होत नाही वाटते!"

तंजावरच्या भातशेतकऱ्याचा मुलगा कृष्णन.  यंत्र मात्र नीट वाळलं आणि चाललं. त्यानंतर काहीही ओलं झालं की तो स्वतःच दर थोड्या वेळाने पलटवून यायचा.

* * *

उड्डाण फसल्याची बातमी मुंबईला पोचली आणि साहेब स्वतः पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता, पण सरळ रेघेचा भारी शौकीन. तंबूत शिरल्या शिरल्या म्हणाले, "दोन्ही टोकांचे आकडे आहेत आपल्याकडे. मधलं समजून घेता येतं. इथे वेळ कशाला घालवता?"

जेवायला बाईंनी स्वतः वाढलं. साहेबांच्या पानात एका टोकाला चिमूटभर लोणचं, दुसऱ्या टोकाला वाटीभर खीर. मधे नुसतं पान! आमच्या पानांत मात्र भात, वरण, भाजी, सगळं.

साहेब थोडा वेळ वाट बघून म्हणाले, "बाकीचं?"

"दोन्ही टोकं वाढली आहेत सर," बाई म्हणाल्या. "मधलं समजून घ्या."

कृष्णनला ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या शोधायच्या निमित्ताने बाहेर पळालो. साहेबांनी पानाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि मग असे हसले की तंबूबाहेर गाई दचकल्या.

"होळीपर्यंत," ते म्हणाले. "त्यापुढे एक दिवसही नाही. आता भात वाढा!"

* * *

दुसरं उड्डाण उत्तम झालं. उंची मिळाली, डबा पूर्वेला छत्तीसगडच्या बाजूला उतरला आणि कोणीतरी तो नेऊन ठाण्यात दिला. आम्ही जीप दामटत ठाण्यात पोचलो, तर डबा कोठडीत! बाहेरून कुलूप!

आत उंची नोंदवायचं चावीचं घड्याळ होतं, त्याची टिकटिक ऐकून दरोगासाहेबांना संशय आला होता. त्यांनी सगळ्या बाजूंनी डबा हलवला, ठोकला, शेवटी उघडला. काचांवरचा काळा कागद सोडवून त्या उन्हात धरून पाहिल्या. उजेड लागला, म्हणजे काचांचं झालंच.

बाईंचा चेहरा पडलेला पाहून दरोगासाहेबांना वाटलं, आपल्याकडून चौकशीत काही कमी राहिलं. अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, हमने पूरी कोशिश की. दो दिन टिकटिक करता रहा, मगर कबूल कुछ नहीं किया!"

परतीच्या वाटेवर एकाएकी बाईंनाच हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नेमकं कशाचं होतं हे विचारायची आमची हिंमत झाली नाही.

* * *

तिसऱ्या उड्डाणाचा डबा एका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, भर उन्हात पडलेला मिळाला. काचा तापून काळवंडल्या होत्या. हवाई छत्री गायब. लाल रेशमी छत्री, तिच्यावर ठळक शिक्का: सापडल्यास परत करा.

छत्रीचा माग दौलतने काढला. एका घरासमोर तीन-चार महिन्यांचं गुटगुटीत बाळ, अंगात लाल रेशमी झबलं. पाठीवर अक्षरं: परत करा!

दौलत कडाडला. "काऊन, दिसत नाही का काय लिवलं आहे ते?"

बाळाची आई तोडीस तोड निघाली. पोराला छातीशी घट्ट धरून म्हणाली, "दिसते ना! पर झबला परत कराचा का पोरगा, हे कोठी लिवलं आहे?"

मला वाटलं, आता बाई चिडणार. त्यांच्या काचा जळल्या होत्या, होळी जवळ आली होती. पण बाईंनी बाळाला हातात घेतलं, शिक्का नीट वाचला आणि परत आईकडे दिलं. "बघ, केलं परत," त्या म्हणाल्या.

त्या घरातून आम्ही निघालो तेव्हा जीपमध्ये नव्या पोह्यांचं गाठोडं होतं. कधी ठेवलं, कोणाला कळलं नाही.

* * *

आता शेवटचं उड्डाण. हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

एकच संच उरला होता. काचांचा एकच, आणि फुगेही तेवढेच. उन्हाने रबर चिकट व्हायला लागलं होतं. डब्याला यावेळी बाईंनी स्वतः काळी पट्टी गुंडाळली आणि वर लाखेची मोहर लावली. एका लांब सुताच्या दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारून प्रत्येक गाठीला एक फुगा बांधला. वर जाऊन एकेक फुगा फुटतो, चिंध्या गळून पडतात आणि डबा साध्या कापडी छत्रीने खाली येतो.

त्या सकाळी अख्खी बिरसी दोरीला होती. फुगे गेले ते सरळ वर. कृष्णन कानाला रेडिओ लावून बसला आणि उंची सांगत गेला, सांगत गेला, शेवटी उठून नाचायलाच लागला. इतकी उंची आम्हाला कधी मिळाली नव्हती! बाई म्हणाल्या, "डबा मिळाला, तर बिंदू मिळाला."

डबा सालेकसा-दरेकसाच्या डोंगरांकडे उतरला. आणि नाहीसा झाला.

आम्ही जीपने तो भाग पिंजून काढला. जिथे जीप जाईना तिथे पायी. दौलत प्रत्येक वस्तीत विचारायचा, लोक माना हलवायचे. दिवसागणिक ऊन चढत होतं आणि उन्हात काचांचं काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. बाई आधी जेवताना बोलेनाशा झाल्या, मग जेवेनाशा झाल्या. पाटील रोज येऊन बसायचे. जाताना एकदा माझ्यापाशी म्हणाले, "मोजल्यानं वाढत नाही मनलो होतो मी. नाही मनाले पाह्यजे होता."

होळी झाली. साहेबांची तार आली. आम्ही तंबूंच्या खुंट्या उपटायला घेतल्या.

तेवढ्यात ढोल ऐकू आले.

धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाकडून माणसं येत होती. डोंगरातल्या एका गोंड वस्तीतली सगळी माणसं, म्हातारीकोतारी, कडेवर पोरं, डोक्यावर तांदळाच्या टोपल्या, एकाच्या हातात कोंबडे. पायी आलेले, धुळीने माखलेले, पण सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतले कपडे. सगळ्यांत पुढे दोघांच्या खांद्यावर एक काठी आणि काठीला झोळीत लटकवलेला आमचा डबा!

म्हाताऱ्या प्रमुखाने आमच्यासमोर एक दोरी धरली. आमचीच दोरी. तिच्यात आता एकही गाठ नव्हती.

"तुमी दोरी पाठवली," तो म्हणाला. "रोज एक गाठ सोडून राहिलो. काल सरल्या. आज आलो आमी."

दौलतने कपाळावर हात मारला. "बाई, यांच्याकडे लग्नाचा सांगावा असाच येते! दोरीले गाठी मारून पाठवतात. रोज एक गाठ सोडाची, शेवटची सुटली का लग्नाले पोचाचा. लग्नाचं बोलावणं मनून आपन इचारत फिरलो तरी यांनी काही सांगितलं नाही, ज्याचं बोलावणं त्यालेच ठाऊक!"

"पण आभाळातून पडलेलं बोलावणं?" कृष्णनने हिंदीत विचारलं.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "बोलावणं कोठून बी येते. डब्यावर शिक्का होता, या पट्टीवरूनच फुगे जातात हे साऱ्या मुलखाले ठाऊक. पोचलो ना?"

बाई डब्याकडे बघत होत्या. जवळ जायची त्यांची छाती होत नव्हती. "उघडला?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मीच पुन्हा मोठ्याने विचारलं.

"कायले उघडन?" म्हाताऱ्याला ते विचारणंही आवडलं नाही. "नवरीचं सामान असंन. लग्नाच्या आधी दुसऱ्याच्या नवरीचं सामान उघडते का कोणी? आतल्या खोलीत, पान्याच्या मडक्याखाली ओली रेती असते, त्याच्यात ठेवलं होतं. उन्हात खराब होईन मनून. रस्त्यानं बी ओल्या पानात गुंडाळून आणलं."

बाईंनी पानं बाजूला केली. मोहर जशीच्या तशी. काळी पट्टी जशीच्या तशी. त्यांनी डब्यावर तळवा ठेवला. मग माझा हात ओढून त्यावर ठेवला. डबा गार होता.

आणि आमच्या बाई, ज्यांच्यापुढे साहेबसुद्धा जपून बोलायचे, त्या डबा मिठीत घेऊन धावपट्टीवर बसल्या आणि मोठ्याने, लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. ढोल थांबले. कृष्णनने तोंड फिरवलं. पाटील आपल्या दुपट्ट्याने डोळे पुसत होते, आणि माझं काय चाललं होतं ते सांगत नाही.

म्हातारा प्रमुख गोंधळला. इतक्या लांबून वस्तीच्या वस्ती लग्नाला आलेली आणि इथे ना मांडव, ना वाजंत्री! त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "पर लगन कोणाचा आहे? नवरी कोठी आहे?"



तेव्हा गर्दीतून प्रमुखाची म्हातारी पुढे आली. बाईंसमोर बसली, त्यांची हनुवटी उचलली, चेहरा नीट पाहिला आणि कमरेच्या पुडीतून हळद काढत नवऱ्यावर खेकसली, "डोळे नाहीत का? कशी रडून राहिली ते दिसत नाही? हेच नवरी!"